होडीचे तेल

जयगडपासून मालगुंडपर्यंतच्या किनाऱ्यावर जानूच्या हाताखालून न गेलेले इंजिन सापडणे अवघड होते. पण स्वतःच्या मुलाचा झाडे पाडायचा कटर त्याने तीन महिने उघडला नव्हता. डिसेंबरात गोणपाटात गुंडाळून तो मागच्या खोपीत ठेवला होता आणि मार्च उजाडला तरी तिथेच पडून होता. खोपीत जाणे-येणे रोजचे होते. पाने-पकडी तिथेच, तेलाचे डबे तिथेच, जुन्या होड्यांची सुटी इंजिनेही तिथेच. जानू आत शिरताना नजर डाव्या भिंतीकडे ठेवी, कारण कटर उजवीकडच्या कोपऱ्यात होता.

शेवटी भावेशनेच हट्ट धरला. पडवीतल्या खाटेवर तो उताणा पडलेला असे. कमरेच्या खालचे शरीर त्याचे राहिले नव्हते. वरचे मात्र होते, आणि डोके तर नको तितके जागे होते.

"आज जाताय ना, बाबा?"

"जातो रे. साडेसातची गाडी हाय."

"स्वरूपच्याच हातात द्या. आणि त्यानं खोलला की पिस्टन मागून घ्या. मला बघायचा हाय."

"बघून काय करणार तू?"

"झोपून बघणार. उठून कुठं जातोय मी?"

आत चुलीपाशी सत्यवतीच्या हातातले उलथने क्षणभर थांबले आणि पुन्हा तव्यावर वाजू लागले. या घरात आताशा विनोद असेच होत.

भावेशला काय हवे होते, हे जानूला पक्के ठाऊक होते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्याने ती हकिगत त्याच शब्दांत सांगितली होती. मालगुंडच्या वरच्या अंगाला यज्ञेश सरांची कलमांची बाग. त्या कलमांवर सावली धरणारा एक जुना रायवळ आंबा, उताराकडे झुकलेला. भावेशने रीतसर पुढून खाच घेतली, मग मागून काप द्यायला सुरुवात केली. अर्ध्यावर कटर एकदम गच्च झाला. थांबला म्हणण्यासारखेही नाही, मुठीत आवळल्यासारखा. साखळीची पट्टी खोडात अडकली. अशा वेळी यंत्र सोडून मागे पळायचे असते. भावेशने ते दुसऱ्या चार जणांना शिकवले होते. पण त्याने सुरू करायची दोरी दोनदा ओढून पाहिली. तेवढ्यात समुद्राकडून वारा आला, खोड उभे चिरले आणि बुंध्याचा मागचा भाग त्याच्या पाठीवर बसला.

"हवेचा फिल्टर दोन दिवस झटकला नव्हता मी," इथे येऊन तो नेहमी थांबे. "पुस्तकात लिहिलंय, रोज साफ करा. मी आळस केला. तिथंच घात झाला."

ऐकणारे म्हणत, नाही रे, नशीब असते एकेकाचे. जानू त्या वेळी उठून अंगणात जाई. आपल्या चुकीमुळे आपण असे पडलो की नाही, एवढेच भावेशला कळायला हवे होते. आणि त्याचे उत्तर गेले तीन महिने उजव्या कोपऱ्यातल्या त्या गोणपाटात होते, हे जानूला, फक्त जानूला, खोलल्यावाचून कळल्यासारखे झाले होते.

दिवसभर भावेशची कूस बदलायला सत्यवतीला हात द्या, असे शेजारी सांगून जानू निघाला. गाडीत त्याने गोणपाट पायांशी ठेवले. बंदराकडे जाणारे ट्रक समोरून धुरळा उडवत येत होते. शेजारच्या बाईने विचारले, "काय वो, जड दिसतंय?" जानू म्हणाला, "मशीन हाय," आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

त्याची सारी हयात कानावर गेली होती. होडीच्या मागे लावायचे इंजिन तो किनाऱ्यावर उभा राहून ऐके आणि हात न लावता सांगे, याला हवा जास्त जातेय. पुढे बागांमधून कटर आले तेव्हा ते सांभाळायला लोक त्याच्याचकडे येऊ लागले. त्या जुन्या कटरांच्या कार्बोरेटरला दोन बारीक पितळी स्क्रू असत. कटर चालू करून, मान कलती ठेवून, डोळे मिटून जानू ते स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवी. आणि घोगरा, तुटक आवाज हळूहळू एकसंध होई. "जानूकाका, जरा कान लावा," असेच लोक म्हणत. आपण काय दुरुस्त करतो हे त्याला शब्दांत कधी सांगता आले नव्हते आणि त्याची गरजही पडली नव्हती.

दीड वर्षापूर्वी भावेशने नवा कटर घेतला तेव्हा बापलेक दोघेही रत्नागिरीला गेले होते. जानूने तो उलटासुलटा करून पाहिला. स्क्रू सापडेनात.

"स्क्रू नाहीत, काका," दुकानातला मेकॅनिक स्वरूप म्हणाला होता. "हा स्वतःचं स्वतः जुळवतो. हवा, पेट्रोल, उंची, सगळं बघून दर क्षणाला. कुणी हात लावायचा नाही."

"मग आमी काय करायचा?"

"दोनच गोष्टी. फिल्टर साफ ठेवायचा आणि आम्ही देतो तेच तेल पेट्रोलमध्ये घालायचं."

जानू हसला होता. कालचा पोरगा आपल्याला तेल शिकवतो, असे ते हसणे होते. पण ते हसणे पुरते खरे नव्हते. गाडीतून परत येताना त्याला पहिल्यांदाच जाणवले होते, की या यंत्राला आपला कान नको आहे.

सोबत मिळालेली तेलाची बाटली दोन महिन्यांत संपली. भावेश म्हणाला, शनिवारी रत्नागिरीला जाऊन आणतो. जानू म्हणाला, घरात डबा भरून तेल असताना कशाला? ते होड्यांचे तेल होते. निळसर, पातळ. होडीच्या इंजिनात पेट्रोलबरोबर जळायचे ते हेच, आणि जुन्या कटरांमध्येही पंधरा वर्षे त्याने तेच घातले होते. भावेशने डबा हातात धरून विचारले होते, "चालेल ना, बाबा?" जानूचे उत्तर त्याला शब्दन्‌शब्द आठवत होते. "मी सांगतोय ना."

त्या दिवसापासून मिश्रण करण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले. नव्या कार्बोरेटरने त्याच्या हातून जे काढून घेतले, त्याच्या बदल्यात एवढे तरी त्याच्याकडे राहिले होते. तो मोजून, ढवळून, गाळून डबे भरी. आजूबाजूचे झाडे तोडणारेही त्याच्याकडून डबे नेऊ लागले. जानूकाकांच्या हातचे मिश्रण म्हणजे बघायला नको, असे म्हणत.

स्वरूपने कटर बाकावर ठेवला, गोणपाट सोडले आणि हात फडक्याला पुसले. भावेशचे त्याला सगळे माहीत होते.

"कसा आहे तो?"

"हाय तसाच."

स्वरूपने एक वायर जोडून संगणकावर काही पाहिले. यंत्र किती तास चालले, किती वेळा सुरू झाले, हे कटर आपल्या पोटात लिहून ठेवतो म्हणे. मग त्याने धुराचे नळकांडे काढले. ते निघाले, की त्या भोकातून पिस्टनची कड दिसते. स्वरूपने बॅटरी धरली आणि जानूनेही वाकून पाहिले. त्यानंतरचे काही पाहण्याची त्याला गरज उरली नाही, तरी तो पाहत राहिला. सिलिंडर निघाला. पिस्टनच्या एका अंगावर नखांनी ओरबाडल्यासारख्या उभ्या रेघा होत्या. रिंगा आपल्या खाचांमध्ये पुरत्या चिकटल्या होत्या आणि सगळ्यावर तपकिरी, चिवट राळेचा थर बसला होता, फणसाचा चीक वाळावा तसा.

स्वरूपने तो थर नखाने खरवडला, नाकाशी नेला.

"काका, तेल कुठलं घालत होता?"

बाहेर एक रिक्षा उभी राहून धडधडत होती. तिचा आवाज जरा चुकत होता, हे त्याच्या कानाने त्याही वेळी टिपले.

"होडीचं?" स्वरूपने हळूच विचारले.

"पंधरा वर्षा घातला मी. जुन्या कटरात. एकाला काय झाला नाय."

"जुन्यांना तुम्ही स्क्रू ढिला ठेवून जरा जास्त पेट्रोल पाजत होता, काका. थंड चालायचे ते. होडीच्या इंजिनाला तर समुद्राचं पाणीच थंड करतं. ह्याला नुसता वारा. हा फार तापतो. त्या उष्णतेत होडीचं तेल नीट जळत नाही, शिजतं. त्याची ही राळ होते."

"पण आवाज," जानू म्हणाला. "मी रोज ऐकत होतो. आवाजात कायच फरक नव्हता."

स्वरूपने पिस्टन फडक्याने पुसला. थर निघाला नाही.

"तेच तर. जुना कटर बिघडायला लागला की तुम्हाला सांगायचा. धूर टाकायचा, ओरडायचा. तुम्ही उघडून साफ करायचा. हा सांगत नाही. ताकद कमी व्हायला लागली की पेट्रोल कमीजास्त करून चाल तीच ठेवतो. सांभाळून घेतो, सांभाळून घेतो, आणि ज्या दिवशी सांभाळता येत नाही त्या दिवशी आवळून बसतो. तुम्ही काय, मीसुद्धा नुसतं ऐकून ओळखलं नसतं."

हे शेवटचे वाक्य त्याने दयेपोटी म्हटले होते, हे जानूला कळले.

"फिल्टरमुळं नाय?"

"फिल्टरचं काही नाही. दोन दिवसांचा भुसा ह्याला कळतसुद्धा नाही. भावेशला तेवढं सांगा, त्याची काही चूक नव्हती." मग त्याने विचारले, "लेखी काही देऊ का?"

"नको."

स्वरूपने पिस्टन वर्तमानपत्रात बांधून दिला. "सांगाल ना त्याला?"

"सांगतो," जानू म्हणाला. काय सांगतो, ते दोघांपैकी कुणीच बोलले नाही.

परतीच्या गाडीत जानूने काय सांगायचे ते जुळवले. पिस्टनच्या धातूतच दोष होता. कंपनीचीच चूक, फिल्टरची नाही. त्याने ते मनात दोनदा म्हणून पाहिले आणि तिसऱ्यांदा ओठ हलवून. वाईट वाटत नव्हते. कंपनी लांब होती. तिला कुणी ओळखत नव्हते आणि तिच्यावर खापर फुटल्याने कुणाची झोप उडणार नव्हती. भावेशच्या छातीवरचा फिल्टर उतरला असता. आणि ज्या हातांनी दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते, त्या हातांकडे तो पूर्वीसारखाच पाहत राहिला असता. या शेवटच्या विचाराशी जानू थोडा अडखळला. चाफ्याच्या तिठ्यावर गाडी थांबली, दोघे उतरले, तिघे चढले. गाडी सुटली तेव्हा त्याने स्वतःला सांगितले, की हे आपण पोरासाठीच करतो आहोत. आणि ते निम्मे खरेही होते.

घरी पोचला तेव्हा साडेतीन झाले होते. अंगणात मोटारसायकल उभी होती आणि तिच्या मागे कटर बांधलेला होता. तसाच, त्याच रंगाचा. सर्वेश पडवीच्या कठड्यावर बसून भावेशशी बोलत होता. भावेशच्या हाताखाली शिकलेला. भावेशच्याच सांगण्यावरून त्याने दोन महिन्यांपूर्वी हा कटर घेतला होता.

"आलात? बरा झाला," सर्वेश म्हणाला. "डबा भरून द्या, काकानू. उद्या सकाळी ऐनाचा झाड पाडायचा हाय. तिरका हाय मेला, घरावरच झुकलाय."

"काय म्हणाला स्वरूप?" भावेशने मान जेवढी वळते तेवढी वळवली.

"पाणी तरी पिऊ दे," जानू म्हणाला आणि थेट खोपीत गेला.

भरलेला लाल डबा फळीवर तयार होता. कालच मिश्रण करून ठेवले होते. डब्यावर हात ठेवून जानू उभा राहिला. तिरका ऐन. घरावर झुकलेला. दोन महिने म्हणजे अजून राळ पातळ असेल. कदाचित उद्या काही होणारही नाही. कदाचित परवाही नाही. त्याने डबा तिथेच ठेवला आणि दारात येऊन म्हणाला, "तेल संपलंय रे. रत्नागिरीतून बाटली आण नवीन."

"संपला कसा?" सत्यवती आतून म्हणाली. "परवाच नवीन डबा आणलात ना तुमी? आणि लाल डबा तर भरलेला हाय, मी सकाळी झाडताना बघितला."

"काकानू, आमाला नाय म्हणायला शिकलात काय?" सर्वेश हसला. "कोण दुसरा गिऱ्हाईक गावला वाटतं."

भावेशही हसला. तीन महिन्यांत जानूने ते हसू पाहिले नव्हते. सर्वेश उठून स्वतःच खोपीकडे येऊ लागला, डबा घ्यायला. त्याचे या घरात तेवढे चालत असे.

जानू त्याच्या आधी आत वळला, डबा घेऊन अंगणात आला आणि झाकण काढून त्याने तो जांभ्याच्या कातळावर पालथा केला. पेट्रोलचा वास भपकन उठला. निळसर ओघळ कातळाच्या भोकाभोकांतून जिरत गेला.

"अवो, काय करताय?"

"तुझ्या टाकीत हाय ता पण ओत," जानू म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. "उद्या झाडाखाली जाऊ नको. पयला कटर घेऊन स्वरूपकडं जा. त्याला सांग, आतून साफ कर. आणि तो देईल ताच तेल घाल. होडीचा घालू नको. त्यानं पिस्टन चिकटतो. पत्ता लागत नाय, आवाज येत नाय, आणि चिकटतो."

सर्वेशने एकदा जानूकडे पाहिले, एकदा पडवीकडे. मग त्याने काही न विचारता मोटारसायकलवरचा कटर सोडला, टाकीचे झाकण काढून कटर तिरका केला, रिकामा झाल्यावर पुन्हा बांधला. "येतो, भाव्या," तो म्हणाला. गाडीचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत जानू अंगणातच उभा होता.

"पिस्टन आणलाय?" भावेशने विचारले.

जानूने वर्तमानपत्र सोडून तो त्याच्या हातात दिला. भावेशने तो उजेडाकडे धरला, फिरवला, चिकटलेल्या रिंगांवरून अंगठा नेला. त्याला पिस्टन वाचता येत होता. शिकवले जानूनेच होते.

"फिल्टर?"

"फिल्टरचा काय नाय. तुझी काय चूक नव्हती."

सत्यवती दारात येऊन उभी होती. तिला अजून नीट कळले नव्हते. पण पदराचे टोक तिने तोंडाशी धरले होते.

"मी तेव्हा विचारला होता तुमाला," भावेश म्हणाला.

"हो."

"त्या दिवशी सकाळी आवाज ऐकलात ना?"

"ऐकला."

"कसा होता?"

"चांगला होता."

"मला पण चांगलाच वाटला." तो छताच्या कौलांकडे पाहत होता. "माझी चूक होती ना, बाबा, तेव्हा बरा होता. मी मला शिव्या द्यायचो आणि झोपायचो. आता तुमाला कशा देऊ? मुतायला पण तुमीच लागता."

जानू उभाच राहिला. क्षमा मागावी, तर ती द्यायला लावण्याचे ओझेही त्या पडलेल्या पोरावरच पडले असते. एवढे त्याला समजत होते.

आत घड्याळात चार वाजले. डॉक्टरांनी बजावले होते, दर दोन तासांनी कूस बदला, एकदाही चुकवू नका. कातडी एकदा फाटली की भरत नाही.

"कूस," सत्यवती हलकेच म्हणाली.

"तू कर, आये. एकटी कर."

ती पुढे आली. तिने एक हात त्याच्या खांद्याखाली घातला, एक कमरेखाली. पाय रोवून ओढले. भावेश धिप्पाड होता, दहा वर्षे झाडे पाडलेला. तो बोटभर हलला आणि परत जागेवर आला. तिने पुन्हा लावले. तिसऱ्यांदा तिचा श्वास लागला आणि ती कपाळ खाटेच्या कडेला टेकून बसली. भावेशने डोळे मिटले.

"लावा हात," तो म्हणाला.

जानूने वाकून दोन्ही हात त्याच्या पाठीखाली सरकवले. रोज या वेळी भावेश आपला डावा हात बापाच्या मानेभोवती टाके. त्याने भार हलका होई. आज तो हात चादरीवर होता तिथेच पडून राहिला. जानूने एकट्यानेच सगळे वजन उचलले आणि पोराला भिंतीकडे वळवले. पाळीने भिंतीचीच कूस होती.

पाठीमागे उशी लावताना त्याला पिस्टन दिसला. भावेशच्या हातून तो मघाशी निसटला असावा आणि सत्यवती ओढत होती तेव्हा मांडीखाली गेला असावा. सगळे वजन त्यावर आले होते. भावेशला ते कळले नव्हते. कळणार नव्हते. मांडीच्या मागे कातडीत पिस्टनच्या कडेचा लालबुंद गोल उठला होता.

जानू खाली बसला. ठसा अंगठ्याने दाबून सोडायचा. लाली क्षणभर जाऊन परत आली तर बरे, दाबूनही गेलीच नाही तर काळजी करायची, असे डॉक्टरांनी शिकवले होते. त्याने दाबले, सोडले. लाली तशीच होती. त्याने पुन्हा दाबले. भावेश भिंतीकडे तोंड करून पडला होता; आणि जानू त्या एका गोलाकडे पाहत, तो जायची वाट बघत, दाबत आणि सोडत राहिला.